हेडफोनमध्ये जुळतं, हॉलमध्ये डबल पडतं: क्यूइंगचा नेहमीचा घोळ

डीजे नवं गाणं लोकांना ऐकवण्याआधी हेडफोनमध्ये ऐकून चालू गाण्याशी जुळवतो, त्याला क्यूइंग म्हणतात. एक कान हेडफोनला, एक कान हॉलला. नव्या गाण्याचा ठेका चालू गाण्यावर चपखल बसलेला ऐकू येतो. फेडर (गाण्याचा आवाज उघडणारी सरकपट्टी) वर जातो आणि हॉलमध्ये ‘धक्’च्या जागी ‘ध-धक्’ सुरू होतं. जॉगला (गाणं पुढे-मागे ढकलायच्या चकतीला) पुढच्या बाजूला हलका धक्का दिला की सरळ होतं, पण पुढच्या गाण्याला पुन्हा तेच. घरी सराव करताना हे कधी होत नाही. कार्यक्रमातच होतं, आणि तेही ठरावीक हॉलमध्ये.

हळदी, लग्नं, सोसायटीची नवरात्र वाजवणारी नवी मुलं मला हा प्रश्न सतत विचारतात. विचारायला येतात तोवर बहुतेकांनी खिशातले पैसे घालवलेले असतात. कुणी हेडफोन बदललेला असतो, कुणी कंट्रोलर (लॅपटॉपमधली गाणी वाजवायचं डीजेचं यंत्र) विकून नवा घेतलेला असतो, कुणी लॅपटॉप फॉरमॅट केलेला असतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. मीही जवळजवळ दोन वर्षं हे माझ्या हाताचं दुखणं समजत होतो आणि घरी तासन्‌तास बीट मॅचिंग, म्हणजे ठेके जुळवणं, घोटत बसायचो. हात सुधारला, तक्रार तशीच राहिली. कारण दुखणं हातात नव्हतं, स्पीकर आणि कान यांमधल्या अंतरात होतं.

आधी चूक कोणत्या बाजूला होते ते बघा

काहीही बदलण्याआधी तीन-चार मिक्समध्ये (एका गाण्यातून दुसऱ्यात जाताना) फक्त एवढंच टिपून ठेवा: डबल पडल्यावर नवं गाणं सावरायला तुम्ही जॉग कुठे ढकलला? पुढे की मागे?

कधी पुढे, कधी मागे होत असेल, तर तो सरावाचा प्रश्न आहे. कान आणि हात अजून एकमेकांना सरावलेले नाहीत, इतकंच. रोज अर्धा तास सिंक (सॉफ्टवेअरने ठेके आपोआप जुळवणं) बंद करून वाजवा, महिन्याभरात फरक कळेल.

सुरुवात बरोबर होते आणि मग हळूहळू ठेके सुटत जातात, असं असेल तर बीपीएम, म्हणजे मिनिटाला पडणारे ठोके, जुळलेला नाही. हा फरक किती बारीक असतो ते बघा. एक गाणं १२८.० वर आणि दुसरं १२८.१ वर असेल, तर दर ठोक्याला जेमतेम ०.३७ मिलिसेकंदाचा फरक पडतो. पण ६४ ठोक्यांनंतर, म्हणजे साधारण ३० सेकंदांत, तो २३ मिलिसेकंद होतो आणि किक (बेस ड्रमचा ‘धक्’) जाड, चिखलात पाय टाकल्यासारखी ऐकू यायला लागते. इथे जॉग ढकलून उपयोग नाही, पिच (गाण्याचा वेग बदलणारी पट्टी) हलवायला हवा. जॉग चूक पुसतो, पिच चुकीचं कारण काढतो.

आणि प्रत्येक वेळी, न चुकता, नवं गाणं पुढेच ढकलावं लागत असेल, म्हणजे ते कायम उशिरा पडत असेल, तर हे पूर्ण लिखाण तुमच्यासाठी आहे.

नवं गाणं नेहमी उशिराच का पडतं

शिवाजी पार्कात लांबच्या पिचवर कुणी चौकार मारला की बॅट फिरलेली आधी दिसते आणि ‘टक’ मागून येतो. पार्काच्या कट्ट्यावर बसलेल्या प्रत्येकाने हे पाहिलं आहे. आवाज हवेतून एका सेकंदात साधारण ३४५ मीटर जातो. म्हणजे दर मीटरला जवळजवळ ३ मिलिसेकंद. डीजेचं गणित करायला हा एक आकडा पाठ असला की पुरे.

आता आपल्या हॉलमध्ये या. भांडुपचा एक हॉल माझ्या डोळ्यासमोर आहे, जिथे मला हा प्रकार पहिल्यांदा नीट समजला. स्टेजवर हळदीचा पाट मांडलेला, त्यामुळे माझं टेबल स्टेजच्या मागच्या कोपऱ्यात. टॉप आणि बेस स्पीकरचे दोन्ही ढीग हॉलच्या दुसऱ्या टोकाला, दाराशी. मधलं अंतर १४ मीटरच्या आसपास. म्हणजे स्पीकरमधून निघालेली किक माझ्या उघड्या कानापर्यंत पोचायला ४० मिलिसेकंद लागत होते. हेडफोनमधली किक मात्र लगेच येत होती, कारण ती कानाला चिकटलेली.

मी काय करत होतो? मला उशिरा ऐकू आलेल्या चालू गाण्यावर मी नवं गाणं बसवत होतो. म्हणजे नव्या गाण्यालाही तेवढाच उशीर लावत होतो. माझ्या कानात जुळलेलं असायचं. पण फेडर उघडला की दोन्ही गाणी एकाच स्पीकरमधून बाहेर पडायची आणि नवं गाणं ४० मिलिसेकंद मागे. १२८ बीपीएमला एक ठोका ४६९ मिलिसेकंदांचा असतो, त्यात ४० म्हणजे फार वाटत नाही. पण कानाला तो स्पष्ट ‘ध-धक्’ ऐकू येतो. नाचणाऱ्या माणसाला कारण कळत नाही, पण त्याचा पाय अडखळतो.

घरी हे होत नाही, कारण घरी स्पीकर हातभर अंतरावर असतात. आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत आवाजाला फिरायला जागाच कुठे आहे?

दहा सेकंदांची तपासणी

हॉलमध्ये पोचल्यावर, पाहुणे यायच्या आधी, हे करा. कोरडी टाळी किंवा खणखणीत हाय-हॅट (ड्रमच्या झांजेचा बारीक ठोका) असलेलं गाणं लावा. स्पीकरवर ते वाजत असतानाच त्याच चॅनेलचा क्यू (ते गाणं हेडफोनमध्ये पाठवणारं बटण) दाबा. हेडफोन एका कानावर ठेवा, दुसरा कान उघडा. क्यू-मिक्सची कळ (हेडफोनमध्ये क्यू किती आणि हॉलला जाणारा आवाज किती ते ठरवणारी) पूर्ण क्यूकडे.

आता तुम्ही एकच गाणं दोन वाटांनी ऐकत आहात. टाळी एकच ऐकू आली तर हॉल ठीक आहे. ‘ट-टक्’ ऐकू आलं तर तेवढाच घोळ आज रात्रभर प्रत्येक मिक्समध्ये होणार आहे, हे आत्ताच समजून घ्या.

एक सावधगिरी. रिकाम्या हॉलमध्ये भिंतींवरून आवाज उलटून येतो आणि सगळंच डबल वाटतं. म्हणून मागच्या घुमण्याकडे लक्ष देऊ नका, पहिला ठोका कधी येतो तेवढंच ऐका. माणसं भरली की घुमणं कमी होतं, पण अंतर तेवढंच राहतं, त्यामुळे ही तपासणी रिकाम्या हॉलमध्येही खरी ठरते.

उपाय पहिला: मॉनिटर

दोन्ही गाणी कानाला एकाच जागेवरून आली पाहिजेत. सगळे उपाय याच एका गोष्टीकडे जातात. त्यातला सगळ्यात चांगला म्हणजे टेबलाजवळ स्वतःचा मॉनिटर. ८ किंवा १० इंचांचा एक पॉवर्ड (आतच अॅम्प्लिफायर असलेला) स्पीकर पुरतो. कानापासून एक-सव्वा मीटरवर असला तर उशीर ३-४ मिलिसेकंदांवर येतो, तो जाणवतही नाही.

मॉनिटर कुठेही ठेवून चालत नाही. हेडफोन डाव्या कानाला लावत असाल तर मॉनिटर उजवीकडे हवा, कानाच्या उंचीला. जमिनीवर ठेवलेला मॉनिटर तुमच्या गुडघ्यांना गाणं ऐकवतो. आणि त्याचा आवाज तुमच्या जागेवर हॉलपेक्षा ठळक हवा. जवळचा आवाज आधी येतो, आणि तो पुरेसा मोठा असला की कान त्यालाच धरतो. लहान असला तर कान पुन्हा समोरच्या भिंतीएवढ्या आवाजामागे जातो. मॉनिटरमधला बेस थोडा कमी ठेवलात तरी चालेल. बेस हॉलभर असतोच, तुम्हाला टाळी आणि हॅट हवी आहे.

मिक्सरला ‘बूथ’ लिहिलेलं आउटपुट असेल तर मॉनिटर तिथून घ्या, म्हणजे त्याची कळ तुमच्या हातात राहते. लहान कंट्रोलरना बरेचदा बूथ आउट नसतं. अशा वेळी साउंडवाल्याच्या मिक्सरवरून एक ऑक्स (मॉनिटरसाठी वेगळी आउटपुट लाइन) मागायची. ती मागताना आमच्यातला संवाद ठरलेला:

“काका, टेबलाजवळ एक मॉनिटर देता का?”

“अरे, समोरून एवढं वाजतंय, तुला कशाला मॉनिटर?”

“समोरचं मला उशिरा ऐकू येतं, काका.”

त्या काकांचा माझ्यावर विश्वास बसला नाही. मी हेडफोन त्यांच्या एका कानाला लावला आणि वरची दहा सेकंदांची तपासणी त्यांनाच ऐकवली. त्यांनी दोनदा हेडफोन काढला, दोनदा लावला, काही बोलले नाहीत. पुढच्या हळदीला मी पोचायच्या आधी टेबलाशेजारी स्टँडवर मॉनिटर लावलेला होता. साउंडवाल्याशी वाद घालू नका, त्याला ऐकवा. आयुष्यभर कान वापरलेला माणूस असतो तो.

लांबच्या लॉनवर मागे वेगळे स्पीकर लावलेले असतील तर त्यांना मुद्दाम उशीर दिलेला असतो, मागच्या माणसांना पुढचा आणि मागचा आवाज एकत्र यावा म्हणून. तुमचा मॉनिटर चुकूनही त्या लाइनवरून काढलेला नाही ना, हे विचारा.

उपाय दुसरा: दोन्ही गाणी हेडफोनमध्ये

मॉनिटर मिळत नाही अशा जागा आपल्याकडे पुष्कळ आहेत. गच्चीवरचा वाढदिवस, चाळीच्या चौकातली पूजा, टेम्पोच्या मागची मिरवणूक. तिथे हेडफोन दोन्ही कानांवर घ्या आणि क्यू-मिक्सची कळ मध्यावर आणा. चालू गाणंही हेडफोनमध्ये, नवंही हेडफोनमध्ये. दोघांचा उशीर सारखाच, म्हणजे तुलना खरी.

यात अडचण अशी की दोन्ही गाणी डोक्याच्या मधोमध एकावर एक येतात आणि कुठली किक कुणाची हे सुरुवातीला कळत नाही. मी कळ थोडी नव्या गाण्याकडे झुकवून ठेवतो. नवं गाणं पुढे, चालू गाणं मागे पडद्यावर. पुढे की मागे हे ओळखता येत नसेल तर नवं गाणं मुद्दाम थोडं पुढे ढकलून बघा. घोळ वाढला तर दिशा चुकली, कमी झाला तर बरोबर. अंदाज करत बसण्यापेक्षा हा जास्त भरवशाचा मार्ग आहे.

दोन्ही कान बंद करून वाजवताना हॉल हातातून सुटतो, हे मात्र खरं. कुणी थांबलं, कुणी खुर्चीवर जाऊन बसलं, कुणी ओरडून गाणं मागितलं, काहीच कळत नाही. म्हणून जुळवाजुळव झाली की हेडफोन गळ्यात. डीजेने रात्रभर कान झाकून ठेवणं मला पटत नाही, माणसांसमोर वाजवतो आहोत आपण.

उपाय तिसरा: स्प्लिट

काही मिक्सरवर ‘मोनो स्प्लिट’ किंवा ‘स्प्लिट क्यू’ असं बटण असतं. पायोनिअरच्या डीजेएम-९०० नेक्सस २ वर आहे, इतरही अनेकांवर असतं. ते दाबलं की एका कानात क्यू, दुसऱ्या कानात मास्टर (हॉलला जाणारा आवाज). पुन्हा दोन्ही हेडफोनमधूनच, म्हणून उशीर नाही, आणि दोन गाणी वेगवेगळ्या कानांत असल्यामुळे गोंधळही नाही. एक कान हॉलला देण्याची सवय असलेल्याला ही पद्धत सगळ्यात लवकर जमते. फक्त हॉलचा कान आता हेडफोनच्या आत आला.

माझं मत विचाराल तर नव्या मुलांनी आधी हे शिकावं. पहिला आठवडा डोकं दुखेल. तेवढा सोसा.

सिंक लावूनही डबल पडतं

ही तक्रार फार येते, आणि ऐकणाऱ्याला ती सॉफ्टवेअरची चूक वाटते. ग्रिड (सॉफ्टवेअरने गाण्यावर आखलेल्या ठोक्यांच्या खुणा) बरोबर असेल तर सिंकने दोन्ही गाणी अगदी बरोबर लावलेली असतात. पण तुमच्या उघड्या कानाला हॉलमधलं गाणं उशिरा येतं, त्यामुळे हेडफोनमधलं नवं गाणं घाईत असल्यासारखं वाटतं. तुम्ही ते किंचित मागे ओढता, आणि बरोबर बसलेला मिक्स स्वतःच्या हाताने बिघडवता. मॉनिटर नसेल आणि सिंकवर वाजवत असाल तर जॉगला हात लावू नका. आधी क्यू-मिक्स मध्यावर आणून हेडफोनमध्येच खात्री करा.

उलटी तक्रार: नवं गाणं नेहमी घाईत पडतं

इथे कारण हेडफोनकडे आहे. ब्लूटूथ हेडफोन लावला असेल तर बाकी काही तपासू नका, तो काढून ठेवा. साध्या ब्लूटूथला आवाज पोचवायला सहज १५०-२०० मिलिसेकंद लागतात. १२८ बीपीएमला तो जवळजवळ अर्धा ठोका झाला. किकच्या जागी हॅट ऐकू येतो आणि तुम्ही किकवर हॅट जुळवत बसता. हेडफोन वायरचाच हवा, बंद कपांचा हवा, बाहेरचा आवाज अडवणारा हवा.

दुसरं कारण: मास्टर एका साउंड कार्डवरून आणि क्यू लॅपटॉपच्या स्वतःच्या जॅकवरून. दोन वेगळ्या कार्डांचा उशीर वेगळा असतो आणि तो कुठल्याही बाजूला पडू शकतो. नवं कार्ड घ्यायला पैसे नसतील तर स्प्लिटर केबल घ्या, एकाच जॅकमधून डावी बाजू स्पीकरला आणि उजवी हेडफोनला. स्टिरिओ जातो, दोन्हीकडे मोनो राहतं, पण वेळ अचूक राहते. हळदीच्या हॉलमध्ये स्टिरिओ गेल्याचं कुणाला कळत नाही. ठेका चुकल्याचं आजीलाही कळतं.

सॉफ्टवेअरमधल्या बफरबद्दल (आवाज बाहेर पाठवण्याआधी साठवायच्या तुकड्याबद्दल) गैरसमज आहे म्हणून सांगतो. ४४.१ किलोहर्ट्झला १०२४चा बफर म्हणजे २३ मिलिसेकंद, २५६चा म्हणजे जेमतेम ६. बफर मोठा असला की तुमचा हात आणि आवाज यांत अंतर पडतं, प्ले दाबल्यावर गाणं दचकून सुरू झाल्यासारखं वाटतं. पण तो उशीर मास्टरला आणि क्यूला सारखाच लागतो, त्यामुळे त्याने डबल पडत नाही. आवाज तुटत नाही इतपत बफर लहान ठेवा आणि पुढे जा.

क्यू ऐकूच येत नाही

आवाज वाढवण्याआधी चॅनेलची बेसची कळ बघा. बहुतेक डीजे मिक्सरमध्ये क्यू ट्रिम (आवाजाची पातळी) आणि ईक्यूच्या (बेस-ट्रेबलच्या कळांच्या) नंतर, पण फेडरच्या आधी घेतलेला असतो. आपण नवं गाणं आत घेताना बेस कापून ठेवतो, आणि मग हेडफोनमध्ये किक शोधत बसतो. ती आपणच कापलेली असते. बेस ठेवून जुळवा, जुळलं की कापा, मग फेडर उचला. याच कारणाने जुन्या गाण्याचा क्यू दाबलेला राहिला की हेडफोनमध्ये दोन गाण्यांची खिचडी होते. फेडर खाली गेला की त्या चॅनेलचा क्यू बंद, ही सवय बोटांना लावून घ्या.

हॉलमधला बेस मोठा असला की तो हेडफोनमधल्या किकला झाकून टाकतो. छातीत जाणवणारी किक चालू गाण्याची, आणि तुम्हाला वाटतं ती नव्याची. अशा वेळी किक सोडा. टाळी, हॅट, खुळखुळा, ताशाचा कडकडाट असं काही वरच्या पट्टीतलं धरा. ते बेसच्या गर्दीतूनही निसटून कानापर्यंत येतं.

आणि कळकळीने सांगतो, हेडफोनची कळ रात्रभर चढत जाते आणि आपल्याला समजत नाही. आठ वाजता मध्यावर असते, दहा वाजता शेवटाला. गाणी हळू झालेली नसतात, कान थकलेले असतात. अमेरिकेच्या एनआयओएसएच संस्थेच्या मर्यादेनुसार ८५ डेसिबलला दिवसात ८ तास चालतात, आणि दर ३ डेसिबलला ती वेळ अर्धी होते. ९४ला १ तास. १००ला फक्त १५ मिनिटं. आपण बेसच्या ढिगाऱ्याशेजारी चार-चार तास उभे राहतो आणि वरून कानाशी हेडफोन दाबतो. घरी गेल्यावर कानात शिट्टी वाजत असेल तर ती थकव्याची खूण नाही, इजेची आहे. मी उघड्या कानात इअरप्लग घालतो, जुळवताना बूथची कळ खाली आणतो, जुळलं की हेडफोन उतरवतो. एका मिक्ससाठी हेडफोन कानावर अर्धं-पाऊण मिनिट, त्याहून जास्त नाही.

मोकळ्या जागेत २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे एरवी रात्री १०ला लाउडस्पीकर बंद करावा लागतो. सरकारने सणांसाठी दिलेल्या थोड्या रात्रींना मध्यरात्रीपर्यंत सूट असते. त्यामुळे साडेनऊनंतर फर्माइशींची झुंबड उडते आणि सगळ्यात जास्त मिक्स त्याच अर्ध्या तासात चुकतात. तेवढ्या वेळासाठी कान ताजे ठेवायचे असतील तर आठ वाजताच कळ आवरायला हवी.

गायक गायब, किक गायब, फक्त पोकळ आवाज

हेडफोनमध्ये संगीत येतं पण गायकाचा आवाज विहिरीतून आल्यासारखा किंवा अजिबात नाही. गाणं खराब नाही, जॅक खराब आहे. हेडफोनच्या तिन्ही तारांतली सामाईक तार तुटली किंवा जॅक अर्धवट आत गेला की डाव्या-उजव्या बाजूंत जो फरक आहे तेवढाच ऐकू येतो. गायक आणि किक मधोमध असतात, दोन्हीकडे सारखेच, म्हणून तेच नाहीसे होतात. पहिला संशय ३.५ मिमीचा जॅक ६.३५ मिमी करणाऱ्या अडॅप्टरवर घ्या. तो पूर्ण दाबा, गोल फिरवा. पावसाळ्यात आपल्या दमट हवेत त्यावर काळपट थर चढतो, आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसला की बहुतेक वेळा जागा होतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून स्क्रूने बसणारे दोन चांगले अडॅप्टर आणून ठेवा, एक हेडफोनला आणि एक बॅगेत. वीस-तीस रुपये वाचवायची ही जागा नाही.

कोळीगीतं आणि जुनी गाणी: जिथे जुळवूनही सुटतं

हे वेगळं दुखणं आहे, पण तक्रार त्याच शब्दांत येते. वादकांनी समोर बसून वाजवलेल्या जुन्या गाण्यांची लय श्वासासारखी असते. अंतऱ्याला चढते, मुखड्याला बसते. सॉफ्टवेअर मात्र पूर्ण गाण्याला बहुतेक एकच बीपीएम देतं. पहिल्या ओळीला जुळवलेलं गाणं तिसऱ्या ओळीला सुटणारच. त्यात अनेक कोळीगीतं सहा मात्रांच्या झुलत्या चालीत असतात. चार मात्रांची सवय असलेलं सॉफ्टवेअर तिथे दीडपट किंवा दोन तृतीयांश आकडा दाखवतं. १००ची चाल १५० दिसते, आणि त्या आकड्यावर सिंक मारला की काय होतं ते वरळी-वेसाव्याच्या हळदीत वाजवलेल्या प्रत्येकाने भोगलेलं आहे.

इथे आकड्याकडे बघू नका. हेडफोनमध्ये गाणं लावा आणि पायाने फक्त जड ठोका धरा, सहातला पहिला आणि चौथा. त्या दोन ठोक्यांचा वेग चालू गाण्याच्या किकशी जुळतो का तेवढं बघा. जवळपास असेल तर पिचने आणा, नसेल तर ओढाताण करू नका. लांब मिक्सचा मोह सोडा. ढोलकीच्या तोड्यानंतर जिथे पहिली सम पडते तिथे क्यू पॉइंट (गाणं जिथून सुरू करायचं ती खूण) लावा, हेडफोनमध्ये चार-पाच वेळा तीच सम दाबून बोटाला तिची ओळख करून द्या, आणि चालू गाण्याच्या ओळीच्या शेवटी, पुढच्या पहिल्या ठोक्यावर सरळ सोडा.

सत्तरच्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये ग्रँडमास्टर फ्लॅशने स्वतःच्या हाताने एक स्विच जोडून घेतला होता, लोकांच्या आधी दुसरी तबकडी हेडफोनमध्ये ऐकता यावी म्हणून. त्यालाही तेवढंच हवं होतं: ती एक जागा आधी कानाला माहीत असणं.

सम सोडताना मात्र हॉलकडे कान देऊन थांबू नका. १४ मीटरवरच्या स्पीकरमधला शेवटचा ठोका ऐकून मग बोट दाबलंत तर गाणं उशिरा सुरू होईल. मॉनिटरच्या ठोक्यावर दाबा. मॉनिटर नसेल तर त्या चार मात्रांपुरता मास्टर हेडफोनमध्ये घ्या, मनात मोजा, आणि सोडा.